मॉड नेमका अडवला कुणी? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळचे सगळे प्रश्न एकाच अडचणीचे आहेत. गेमसाठी मॉड (खेळणाऱ्यांनीच लिहिलेली गेममधली भर किंवा बदल) किंवा ते बसवणारा मॉड मॅनेजर उतरवला आणि विंडोजच्या नाहीतर अँटिव्हायरसच्या कुठल्यातरी पहाऱ्याने तो अडवला. बहुतेकांनी यावर अँटिव्हायरसच बंद करून पाहिला आहे. तो उपाय आम्ही कुठेही सुचवलेला नाही. विंडोजमध्ये असे पहारे एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळ्या ठिकाणी आहे. अडवणारा एक आणि बंद केला दुसराच, असे झाले की मॉड तर चालत नाहीच, वर संगणक उघडा पडतो.

प्रश्न : स्क्रिप्ट एक्स्टेंडरची (मोठ्या मॉडना लागणाऱ्या टूलची) झिप उघडताच विंडोज डिफेंडरने (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने) लोडरची ईएक्सई उचलून नेली. धोक्याच्या नावात 'ट्रोजन', 'वाकाटॅक' आणि शेवटी 'एमएल' असे दिसते. असंख्य लोक हेच टूल वापरतात. मग हा व्हायरस आहे की नाही?

उत्तर : नावाच्या शेवटचे 'एमएल' आधी पाहा. ते मशीन लर्निंगचे लघुरूप आहे. फाइलमध्ये ओळखीच्या व्हायरसचा ठसा सापडला असे ते सांगत नाही. फाइलची ठेवण आणि वागणूक पाहून डिफेंडरच्या मॉडेलने अंदाज बांधला आहे, एवढेच. मॉडच्या टूल्सबाबत हा अंदाज वारंवार चुकतो. लोडर गेम सुरू करतो, गेमच्या प्रोसेसच्या मेमरीत जागा घेतो, तिथे आपली डीएलएल (प्रोग्रामला जोडला जाणारा कोडचा तुकडा) घुसवतो आणि गेमची फंक्शन्स आपल्याकडे वळवतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही दुसऱ्या प्रोसेसमध्ये याच वाटेने शिरतात. त्यात ही टूल्स हौशी मंडळी लिहितात, त्यामुळे त्यांवर विकतची डिजिटल सही नसते. आवृत्ती बदलली की फाइलही बदलते, म्हणजे आधीच्या फाइलने कमावलेली पत नव्या फाइलच्या उपयोगी पडत नाही. पायथनचे स्क्रिप्ट पायइन्स्टॉलरने ईएक्सई केलेले असेल किंवा फाइल यूपीएक्स या साधनाने आवळून लहान केलेली असेल, तर संशय आणखी बळावतो, कारण व्हायरस लिहिणारेही हीच साधने वापरतात.

तरीही अंदाज चुकू शकतो म्हणजे चुकलाच आहे, असे नव्हे. तपासून पाहा.

फाइल मूळ लेखकाच्या पानावरूनच घेतली आहे ना? व्हिडिओखालच्या लिंकवरून, कुणीतरी 'पुन्हा अपलोड' केलेली किंवा पासवर्ड लावलेली झिप असेल तर पुढे तपासत बसू नका, काढून टाका. झिपला पासवर्ड लावतात तो बहुधा अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणूनच.

मग हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढा. सेव्हन-झिप असेल तर झिपवर राइट-क्लिक करून 'सीआरसी एसएचए' या मेनूतून एसएचए-२५६ निवडा. ६४ अक्षरांची ओळ मिळेल. लेखकाने हॅश दिला असेल तर तो अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. झिपचा हॅश आणि आतल्या ईएक्सईचा हॅश वेगळे असतात, तेव्हा लेखकाने कोणता दिला आहे ते पाहून ताडा.

तोच हॅश व्हायरसटोटल या साइटच्या शोधात टाका. तिथे ७०च्या आसपास अँटिव्हायरस इंजिने एकच फाइल तपासतात. किती इंजिने ओरडली यापेक्षा ती काय म्हणून ओरडली हे जास्त महत्त्वाचे. तीन-चार इंजिने 'जेनेरिक', 'ह्युरिस्टिक', 'सस्पिशियस' अशी मोघम नावे देत असतील आणि फाइल तिथे काही महिन्यांपासून असेल, तर फॉल्स पॉझिटिव्हची, म्हणजे खोट्या इशाऱ्याची, शक्यता मोठी. वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिने एकाच घराण्याचे नाव घेत असतील, उदाहरणार्थ रेडलाइन किंवा लुमा हे पासवर्डचोर, तर तो विषय तिथेच संपला. फाइल कालच अपलोड झालेली असेल तर एकही इंजिन ओरडले नाही तरी त्याला किंमत देऊ नका. नवा चोर पहिल्या दिवशी कुणालाच ओळखू येत नाही. अशा वेळी आठवडाभर थांबणे हाच शहाणपणा, आणि तो फारच थोडे लोक करतात.

झिपमध्ये काय आहे तेही पाहा. टेक्स्चर, मॉडेल, आवाज यांच्या मॉडमध्ये डीडीएस, एनआयएफ, पीएके असल्या नुसत्या डेटाच्या फाइल्स असतात. अशा मॉडमध्ये ईएक्सई, बॅट, पीएस१ किंवा एससीआर फाइल दिसली तर ती तिथे असण्याचे काही कारण नाही. एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू ठेवा, नाहीतर 'रीडमी.टीएक्सटी.ईएक्सई' तुम्हाला नुसती 'रीडमी.टीएक्सटी' दिसेल.

प्रश्न : फाइल तपासली, स्वच्छ आहे. प्रोटेक्शन हिस्ट्रीतून 'रिस्टोर' केली की मिनिटभरात पुन्हा गायब होते. एक्सक्लूजन (तपासणीतून वगळण्याची नोंद) घातले तरी तेच.

उत्तर : क्रम उलटा झाला आहे. वगळण्याची नोंद आधी आणि फाइल परत आणणे नंतर; नाहीतर परत आलेल्या फाइलवर रिअल-टाइम तपासणी पुन्हा झडप घालते.

आधी विंडोज सिक्युरिटीतल्या 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'प्रोटेक्शन अपडेट्स' घ्या. अनेकदा कंपनीने चूक सुधारलेली असते आणि पुढे काही करावेच लागत नाही. तसे नसेल तर त्याच पानावर 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा, खाली 'अ‍ॅड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स'वर जा आणि 'फाइल' किंवा 'फोल्डर' निवडा. 'प्रोसेस' निवडू नका. बहुतेकांचे इथेच फसते. प्रोसेस वगळली की ती प्रोसेस ज्या फाइल्स उघडते त्या तपासल्या जात नाहीत. खुद्द तिची ईएक्सई मात्र तपासली जातेच. लोडरची ईएक्सई उडत असताना लोडरला प्रोसेस म्हणून वगळले, तर ती उडतच राहणार.

वगळायचे ते कमीत कमी. एकच ईएक्सई अडत असेल तर तेवढीच फाइल, पूर्ण पत्त्यासह. फोल्डर वगळला की त्यातले सगळे उपफोल्डरही वगळले जातात. 'डाउनलोड्स', 'टेम्प' किंवा अख्खा डी ड्राइव्ह कधीही वगळू नका. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आधी तिथेच उतरते. मॉड मॅनेजर झिप 'टेम्प'मध्ये उघडतो म्हणून अडत असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचा किंवा तात्पुरता फोल्डर बदलता येतो का ते पाहा आणि तेवढाच वेगळा फोल्डर वगळा.

'अलाउ ऑन डिव्हाइस' हा सोपा पर्याय समोरच दिसतो, पण 'अलाउड थ्रेट्स'च्या यादीत नोंद होते ती धोक्याच्या नावाने. वाकाटॅकसारख्या मोघम नावाला अशी मोकळीक देऊ नये.

एवढे करूनही फाइल उडत असेल, तर संगणकात दुसरा अँटिव्हायरस आहे का पाहा. तो चालू असला की डिफेंडर स्वतः मागे सरतो आणि डिफेंडरमध्ये घातलेल्या नोंदींचा काही उपयोग होत नाही. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला चाचणी अँटिव्हायरस हा नेहमीचा गुन्हेगार. अपवाद त्याच्या सेटिंगमध्ये घाला, किंवा तो नको असेल तर रीतसर अनइन्स्टॉल करा.

मॉड काढून टाकला की नोंदही काढा. रिकाम्या फोल्डरची नोंद तशीच राहिली, तर पुढे तिथे काहीही येऊन बसले तरी कुणी विचारणार नाही.

प्रश्न : गेम व्यवस्थित सुरू होतो, पण एकही मॉड दिसत नाही. कसलाच संदेश येत नाही. अँटिव्हायरसने काही केले आहे का, हे कळणार कसे?

उत्तर : लॉग फाइलची वेळ पाहा. युनिटी या गेम-इंजिनवरच्या गेम्ससाठी बेपइनएक्स हा लोडर वापरत असाल, तर गेमच्या फोल्डरातल्या 'बेपइनएक्स' फोल्डरमध्ये 'लॉगआउटपुट' नावाची फाइल असते. गेम आत्ता सुरू केला आणि त्या फाइलची वेळ कालचीच असेल, किंवा फाइलच नसेल, तर लोडर जागाच झालेला नाही. मग ईएक्सईच्या शेजारी 'विनएचटीटीपी' नावाची डीएलएल आहे का पाहा. ती नसेल तर बहुधा अँटिव्हायरसने नेली. विंडोज अशा डीएलएल आधी ईएक्सईच्याच फोल्डरमध्ये शोधतो आणि नंतर सिस्टीममध्ये. म्हणून लोडर स्वतःला विंडोजच्याच डीएलएलचे नाव देऊन तिथे बसतो. गेमचे चित्र बदलणारे रीशेड 'डीएक्सजीआय' हे नाव घेते, इतर लोडर 'व्हर्जन' किंवा 'डीइनपुट८'. हल्लेखोरांचीही ही जुनी युक्ती आहे, म्हणून सिस्टीमच्या नावाची डीएलएल भलत्या फोल्डरमध्ये दिसली की अँटिव्हायरस सावध होतो.

मॉड ऑर्गनायझर २ हा मॅनेजर वापरत असाल तर गोष्ट थोडी निराळी. तो मॉड गेमच्या फोल्डरमध्ये टाकतच नाही. 'यूएसव्हीएफएस' नावाची डीएलएल गेममध्ये घुसवून मॉड तिथेच असल्याचा आभास निर्माण करतो. ही डीएलएल अडवली की गेम कोराच सुरू होतो. मॉड ऑर्गनायझरच्या फोल्डरमध्ये त्या नावाच्या ६४-बिट आणि ३२-बिट अशा दोन्ही डीएलएल जागेवर आहेत का ते पाहा. नसतील तर नुसती डीएलएल कुठून तरी आणून टाकू नका, त्याच आवृत्तीचे पूर्ण पॅकेज परत बसवा.

एरर नंबर येत असेल तर निदान आणखी सोपे. २२५ म्हणजे विंडोजने फाइल व्हायरस समजून अडवली. १२६ म्हणजे लागणारी डीएलएल सापडली नाही. ती क्वारंटाइनमध्ये (अँटिव्हायरसच्या कोठडीत) गेली असेल, किंवा व्हिज्युअल सी++ रनटाइमच बसवलेला नसेल. ५ म्हणजे परवानगी नाही, ७४० म्हणजे प्रोग्रामला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार हवे आहेत. १९३ आला तर अँटिव्हायरसला दोष देऊ नका: ३२-बिटच्या जागी ६४-बिट फाइल घेतली आहे किंवा डाउनलोड अर्धवट झाले आहे.

स्क्रिप्ट एक्स्टेंडरवाल्यांनी आणखी एक पाहावे. गेम स्टीम या गेमच्या दुकानावरून अपडेट झाला की जुना एक्स्टेंडर चालत नाही. स्कायरिम या गेमच्या १.५.९७ आवृत्तीसाठीचा एक्स्टेंडर १.६.११७० वर चालणार नाही, अँटिव्हायरस असो वा नसो.

प्रश्न : 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' असा निळा चौकोन येतो. एक्सक्लूजन घातले तरी येतोच.

उत्तर : येणारच. हा स्मार्टस्क्रीन आहे, डिफेंडरच्या वगळलेल्या फाइल्सशी त्याचा संबंध नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला ब्राउझर एक अदृश्य खूण चिकटवतो, आणि स्मार्टस्क्रीन ती खूण पाहून फाइलची पत विचारतो. फाइल वर सांगितल्याप्रमाणे तपासली असेल तर 'मोअर इन्फो', मग 'रन एनीवे'.

खूण काढायची ती झिप उघडण्याआधी. झिपवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'जनरल' टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक'वर टिक, 'अप्लाय'. एक्स्प्लोररने आधी झिप उघडली तर खूण आतल्या प्रत्येक फाइलला लागते, मग एकेक डीएलएल उघडून तेच करत बसावे लागते. डॉटनेट फ्रेमवर्कवर लिहिलेली काही टूल्स सुरू होतात पण त्यांचे प्लगिन लोड होत नाहीत, त्यामागे हीच चिकटलेली खूण असते.

विंडोज ११ मध्ये 'स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल' चालू असेल तर 'रन एनीवे' मिळणारच नाही. तिथे एखाद्या फाइलपुरता अपवाद करण्याची सोय नाही. एका मॉडसाठी ते बंद करण्यापेक्षा त्या मॉडची सही असलेली किंवा वेगळ्या पद्धतीने बसणारी आवृत्ती शोधा.

प्रश्न : मॉड मॅनेजरला 'डॉक्युमेंट्स'मधल्या गेमच्या सेटिंग फाइलमध्ये लिहिता येत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवूनही तेच.

उत्तर : 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' बहुधा चालू आहे. फाइल्स ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून बचाव म्हणून तो 'डॉक्युमेंट्स'सारख्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहू देत नाही, मग तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर का असेना. बरेच गेम सेटिंग आणि सेव्ह 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'माय गेम्स'मध्येच ठेवतात. विंडोज सिक्युरिटीत 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' उघडा, 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' निवडा आणि 'रिसेंटली ब्लॉक्ड अ‍ॅप्स' पाहा; अडवलेल्या ईएक्सईचे नाव तिथे आयते मिळते. गेमची ईएक्सई, मॉड मॅनेजर आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडरचा लोडर या वेगवेगळ्या फाइल्स आहेत. ज्या अडतात त्यांनाच परवानगी द्या.

गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवलेला असेल तर तिथे लिहायला अडवतो तो विंडोजचा नेहमीचा परवान्यांचा नियम. मॅनेजर दर वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवू नका. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी करा आणि गेम तिकडे हलवा.

प्रश्न : व्होर्टेक्स हा मॉड मॅनेजर सुरू केला की 'एक्स्टर्नल चेंजेस'ची चौकट येते आणि काही डीएलएल 'डिलीटेड' दाखवते. काय निवडायचे?

उत्तर : घाईत 'सेव्ह चेंज' दाबू नका. तुम्ही स्वतः काही पुसलेले नसताना डीएलएल नाहीशी झाली, म्हणजे ती बहुधा अँटिव्हायरसने नेली. 'सेव्ह चेंज' म्हणजे ते पुसणे तुम्हाला मान्य आहे असे सांगणे. मग व्होर्टेक्स आपल्या साठ्यातूनही ती फाइल काढतो आणि मॉड कायमचा लंगडा होतो. आधी प्रोटेक्शन हिस्ट्री पाहा, फाइल तपासा, नोंद घाला, आणि मग 'रिव्हर्ट चेंज'. साठ्यातली प्रतही गेलेली असेल तर मॉड पुन्हा उतरवून बसवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : जावावर चालणारा लाँचर मॉड उतरवताना 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' म्हणतो. ब्राउझरमध्ये तीच साइट उघडते.

उत्तर : बहुधा तुमच्या अँटिव्हायरसचे 'एचटीटीपीएस स्कॅनिंग' मध्ये आले आहे. साइटची ओळख पटवणारे प्रमाणपत्र काढून तो स्वतःचे लावतो, म्हणजे त्याला मधला मजकूर वाचता येतो. हे प्रमाणपत्र तो विंडोजच्या भांडारात घालून ठेवतो, म्हणून ब्राउझरची तक्रार नसते. जावा मात्र विश्वासू प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ ठेवते आणि त्या यादीत हे नाव नसते. अँटिव्हायरसच्या वेब तपासणीत लाँचरची साइट किंवा जावाची प्रोसेस अपवादात घाला. फाइल तपासणीला हात लावायची गरज नाही. लाँचरमध्ये 'प्रमाणपत्र तपासू नका' अशी सोय दिसली तर ती वापरू नका, कारण मग मध्ये कुणीही बसू शकतो.

प्रश्न : अँटिव्हायरसने फाइल अडवली, मी परवानगी देऊन चालवली, आणि आता शंका येते आहे. काय करू?

उत्तर : शंका रास्त आहे. प्रसिद्ध ठिकाणांहूनही असे घडले आहे. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज आणि बुकिट या साइटवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस निघाला. तो ब्राउझरच्या कुकी आणि डिस्कॉर्डची लॉगिन चोरत असे, आणि संगणकावरच्या इतर जार (जावाच्या प्रोग्रामच्या) फाइल्सनाही लागण करत असे. २५ डिसेंबर २०२३ रोजी 'स्ले द स्पायर' या गेमच्या 'डाउनफॉल' या विस्तार-मॉडच्या स्टीमवरच्या पानावरून काही काळ पासवर्डचोर वाटला गेला, कारण मॉडच्या चमूतल्या एकाचे खाते चोरांनी घेतले होते. दोन्ही ठिकाणी मॉड खरा होता, त्यात घातलेली भर विषारी होती.

आधी इंटरनेट तोडा. पासवर्ड बदला, पण त्या संगणकावरून नाही. फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून. पहिला ईमेलचा, मग बँक, मग स्टीम आणि डिस्कॉर्ड. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. चोराकडे कुकी असेल तर तो पासवर्डशिवायच आत बसलेला असतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा. स्टीमवर वेब एपीआय की (प्रोग्रामला तुमच्या खात्यात शिरू देणारी किल्ली) तुम्ही न मागता तयार झालेली दिसली तर ती रद्द करा; वस्तूंच्या देवघेवीत घुसायला चोर तिचा वापर करतात.

मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. संगणक रिस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते; साधारण १५ मिनिटे धरा. 'स्टार्टअप अ‍ॅप्स' आणि 'टास्क शेड्यूलर'मध्ये अनोळखी नोंद आहे का पाहा. खात्रीशीर चोर सापडला तर विंडोज नव्याने बसवणे हेच आमचे मत. गेमचे सेव्ह आणि फोटो घ्या. ईएक्सई, डीएलएल, जार यातले काही सोबत नेऊ नका.

प्रश्न : मी स्वतः छोटे मॉड टूल लिहितो. वापरणारे रोज अँटिव्हायरसच्या तक्रारी करतात. माझ्या हातात काय आहे?

उत्तर : बरेच काही. पायइन्स्टॉलर वापरत असाल तर 'वन-फाइल' सोडून 'वन-डिर', म्हणजे फाइल्सचा फोल्डर, करा. एकच फाइल सुरू होताना स्वतःला 'टेम्प'मध्ये उलगडते आणि तेच संशयाला कारण होते. यूपीएक्स बंद करा. ईएक्सईत नाव, आवृत्ती आणि वर्णन भरा. प्रकाशनाच्या पानावर झिपचा आणि आतल्या ईएक्सईचा, दोन्ही एसएचए-२५६ द्या. सोर्स कोड खुला करता आला तर उत्तमच. मायक्रोसॉफ्टच्या फाइल तपासणीच्या पानावर 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' म्हणून फाइल पाठवता येते. प्रत्येक आवृत्ती जाहीर करण्याआधी पाठवा; निकाल त्याच फाइलपुरता असतो, पुढच्या आवृत्तीला लागू होत नाही. सहीचे प्रमाणपत्र घेणार असाल तर जून २०२३ पासून त्याची खासगी की हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवणे बंधनकारक आहे, तो खर्च धरून ठरवा.

आणि मदतीच्या पानावर 'अँटिव्हायरस बंद करून बसवा' असे लिहिले असेल तर ते आजच काढा. त्याऐवजी कोणत्या आवृत्तीतली कोणती फाइल, कोणता अँटिव्हायरस, कोणत्या नावाने अडवतो आणि ती फाइल नेमके काय करते, एवढे लिहा. तपासून घेऊ पाहणाऱ्याला ताडायला काहीतरी हाती लागेल.